चकचकीत फरशी आणि काळी माती

हल्ली कुणाच्याही वास्तुशांतीला जा, पहिलं कौतुक होतं ते फरशीचं. ‘टू बाय टू का?’ ‘छे हो, फोर बाय टू, फुल ग्लॉसी!’ मग सगळे पाहुणे माना खाली घालून आपलं प्रतिबिंब दिसतंय का ते बघतात आणि यजमान जाम खूश! पूर्वी ऐपत दारातल्या गाडीवरून कळायची, आता टाइल्सच्या साइझवरून कळते.

मी पुण्यात भाड्याच्या वन बीएचकेत राहते. घरमालकाने जी फरशी दिली ती आपली, नो टेन्शन. पण गेल्या वर्षी नवीन जालन्यातल्या आमच्या घराचं काम निघालं आणि ‘तू पेपरात लिहितेस, तुला कळतं’ म्हणून बाबांनी मला थेट टाइल्सच्या दुकानात उभं केलं. (मास कम्युनिकेशनच्या सिलॅबसमध्ये फरशी नव्हती, हे त्यांना कोण सांगणार?)

कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्याला नवीन. बाहेरच्यांना हे शहर माहीत असतं ते बियाणं आणि लोखंडी सळईमुळे. आमच्या घरात शहाबादी फरशी होती. शहाबाद आज कर्नाटकात असलं, तरी निजामाच्या राज्यात ते आणि मराठवाडा एकाच छपराखाली होते. तो करडा दगड इकडच्या घराघरात आहे. उन्हाळ्यात दुपारी त्यावर नुसतं आडवं व्हावं, गादीसुद्धा नको वाटते.

बाबांना मात्र ती नको होती. त्यांचं लहानपण शेणाने सारवलेल्या जमिनीवर गेलं. शहाबादी ही त्यांच्या लेखी पहिली पायरी, आणि पांढरीशुभ्र, आरशासारखी टाइल म्हणजे मुक्कामाचं ठिकाण. या हट्टाला हसावंसं वाटत नाही. अडचण एकच होती. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय आणि डॉक्टरांनी बजावलंय, पडायचं नाही.

दुकानात सेल्समन कॅटलॉग उघडून बसला. त्यातल्या घरांमध्ये पांढरा सोफा असतो, फुलदाणी असते, माणूस मात्र नसतो. आईने शांतपणे पर्समधली पाण्याची बाटली काढली, खाली मांडलेल्या तीन सॅम्पलवर पाणी शिंपडलं, चप्पल काढली आणि माझा हात धरून एकेकीवर उभी राहिली. सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा होता! ग्लॉसीवर पाऊल ठेवताच तिने माझा हात घट्ट आवळला. खरखरीत मॅट टाइलवर तो आपोआप सैल झाला. विषय संपला. कॅटलॉग बघून फरशी घेणाऱ्या प्रत्येकाने ही बाटली टेस्ट करावी, फुकट आहे.

तिथेच थोडा टाइल्सचा फंडाही कळला. आपण सरसकट सगळ्याला सिरॅमिक म्हणतो, पण भिंतीची साधी सिरॅमिक टाइल आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकते. जमिनीची व्हिट्रिफाइड अर्धा टक्कासुद्धा पीत नाही. म्हणून ती कणखर, डाग न धरणारी. पण म्हणूनच ती नुसत्या सिमेंटच्या घोळाला नीट धरत नाही, तिला अ‍ॅढेसिव्ह लागतं. मिस्त्री ‘काही गरज नाही ताई’ म्हणतो. ऐकू नका. नाण्याने ठोकून बघा, खालून पोकळ आवाज आला तर उद्या तिथेच तडा जाणार. आणि आमच्याकडे खाली काळी माती, जी पावसात फुगते, उन्हात आकसते. ती काढून मुरूम भरून नीट ठोकला नाही, तर वरची टाइल कितीही महाग असो, काही उपयोग नाही.

हिशेब सोपा आहे. दहा बाय बाराच्या खोलीला टू बाय टूचे, चार टाइल्सवाले आठ बॉक्स पुरतात. नववा कापाकापीसाठी आणि पुढे एखादी फुटली तर. सगळे एकाच बॅचचे घ्या, नाहीतर शेड बदलते.

पाणी ही जालन्यातली वेगळीच भानगड. 2012-13 च्या दुष्काळात सगळ्यात जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांमध्ये आमचा जिल्हा होता. तेव्हापासून आई कपडे खळबळलेलं शेवटचं पाणी फरशीसाठी ठेवते. पांढऱ्या ग्लॉसीवर प्रत्येक पाऊल उठतं, ती दिवसातून दोनदा पुसायला पाणी कुठून आणायचं? बोअरचं पाणी जड, त्यामुळे बाथरूमच्या गडद टाइल्सवर पांढरे डाग पडतात. मग लोक अ‍ॅसिड ओततात. टाइलला फारसं काही होत नाही, सांध्यातलं सिमेंट मात्र झिजत जातं. आम्ही बाथरूमला लहान, बारा बाय बाराच्या अँटी-स्किड टाइल्स घेतल्या. सांधे जास्त, म्हणून पकड जास्त, आणि पाण्याला उतारही नीट देता येतो. सांध्यात इपॉक्सी भरलं. महाग पडलं, पण अ‍ॅसिडची बाटली घरातून गेली.

टाइल्सचा खरा धडा मात्र मोंढ्यात बघितला, काकांच्या कृषी सेवा केंद्रात. दोन वर्षांपूर्वी एमबीए करून आलेल्या चुलतभावाने दुकानाला एकदम शोरूम लुक दिला. काचेचं दार, स्पॉटलाइट, पांढरी चकाचक फरशी. दिसायला भारी! जूनमध्ये पेरणीची गर्दी सुरू झाली आणि लोक पायरीवरच थांबायला लागले. कुणी चप्पल बाहेर काढून आत यायचं, कुणी दारातूनच ‘सोयाबीनच्या दोन पिशव्या द्या’ म्हणायचं. काका म्हणाले, “फरशी बघून गिऱ्हाईक दारातच थांबायलंय. आत बसलं तर दोन गोष्टी बोलतं ना!” पूर्वी माणसं पोत्यांना टेकून अर्धा तास बसायची. औषध कोणतं मारायचं, उधारी कधी फेडायची, सगळं तिथेच ठरायचं.

शेतकऱ्याला चकचकीत आवडत नाही, असं मुळीच नाही. त्यातल्या कित्येकांच्या स्वतःच्या घरी व्हिट्रिफाइड आहे. दुसऱ्याची फरशी आपल्या चिखलाने खराब करायचा संकोच वाटतो, एवढंच. दिवाळीनंतर भावाने पुढचा अर्धा भाग उखडून मातकट रंगाच्या, जाड, खरखरीत पार्किंग टाइल्स टाकल्या. भिंतीकडेला एक बाकडंही ठेवलं. स्पॉटलाइट तेवढे तसेच आहेत.

घरी शेवटी हॉलमध्ये फिकट करड्या मॅट टाइल्स लागल्या. बाबा दोन दिवस गप्प होते. त्यांच्या पसंतीची पांढरी ग्लॉसी मग ओट्यामागच्या भिंतीला लावली. फोडणीचे शिंतोडे एका फडक्यात निघतात म्हणून आईनेच सुचवलं. आता कुणीही आलं की बाबा हॉलमध्ये बसू देत नाहीत, आधी स्वयंपाकघर दाखवायला नेतात.