वाइकीकीच्या पाण्यांतील एक जागा

२०२३ च्या जुलैंत चिरंजीवांच्या आग्रहावरून होनोलूलूस जाण्याचा योग आला. वयाची पन्नाशी उलटली असली, तरी सांगलीस कृष्णेच्या पाण्यांत उड्या मारून वाढलेला आमचा देह! समुद्राचा बाऊ आम्हीं कां करावा? अशा तोऱ्यांत दहा फुटी फळी डोक्यावर घेऊन आम्ही वाइकीकीच्या वाळूवर उतरलों. सूनबाई व तेरा वर्षांची नात सोबत होत्या.

फळीवर उभें राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे धांवत येण्याच्या या खेळास सर्फिंग म्हणतात. नांव इंग्रजी, पण खेळ हवाईच्या लोकांचा. १७७८ सालीं कॅप्टन कुकचीं जहाजें त्या बेटांस लागलीं, त्याच्या कितीतरी आधींपासून तो तेथें रूढ होता. किनाऱ्यावर ड्यूक कहानामोकू यांचा पुतळा १९९० पासून उभा आहे. १९१२ व १९२० च्या ऑलिंपिक सामन्यांत शंभर मीटर पोहण्याचें सुवर्णपदक जिंकणाऱ्या या पुरुषानें सर्फिंग जगभर नेलें. पुतळ्याची पाठ मात्र समुद्राकडे आहे, आणि ती तेथील जाणत्यांस खटकते. “समुद्राकडे पाठ फिरवूं नये, हा पहिला पाठ,” असें आमच्या शिक्षकानें त्या पुतळ्यापाशींच सांगितलें. आम्ही हंसलों.

पहिल्या दिवशीं शिक्षक फळीस मागून रेटा देई आणि आम्ही गुडघ्यांवर कां होईना, किनारा गांठीत असूं. दुसऱ्या दिवशीं त्याला वगळून एकट्यानेंच निघालों. जेथें फेंस दिसतो तेथें लाट मिळते, अशी आमची सरळ समजूत. म्हणून फेंसाच्या ऐन मध्यावर जाऊन बसलों. जेवणाच्या पंगतींत वाढपी येतो तशा लाटा पाठोपाठ येतात. पहिलीसाठीं धडपडलों, ती निसटली. वळून पाहतों तों दुसरी डोक्यावर! भीतीनें फळी सोडून बुडी मारली. फळीस व पायास बांधलेला दोर ताणला गेला आणि ती अवजड फळी मागें उसळली. मागें एक आठ-दहा वर्षांची मुलगी पोहत होती. फळी तिच्या कानाजवळून वीतभर अंतरानें गेली. तिचा बाप एक शब्दही बोलला नाहीं. त्यानें आमच्याकडे नुसतें पाहिलें. “मामंजी, पुरे आतां,” असें सूनबाई म्हणाल्या, आणि त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

सकाळीं शिक्षकापुढें सर्व कबूल केलें. त्यानें आम्हांस पाण्यांत जाऊंच दिलें नाहीं; अर्धा तास वाळूवर बसवून नुसतें पाहावयास लावलें. उन्हाळ्यांत येथें येणाऱ्या लाटा दक्षिण गोलार्धांतील वादळांतून निघून हजारों मैल चालून येतात. पाण्याखालच्या प्रवाळाच्या खडकापाशीं खोली लाटेच्या उंचीच्या सुमारें सव्वापटीवर आली, कीं लाटेचा पाय अडतो आणि माथा पुढें कोसळतो. खडक जागचा हलत नाहीं, म्हणून सारख्या उंचीच्या लाटा बहुधा त्याच त्या ठिकाणीं फुटतात. बाजूस जेथें पाणी खोल, तेथें लाट फुटतच नाहीं. बाहेर जाण्याची वाट तीच. आम्ही मात्र आदल्या दिवशीं फुटत्या लाटांच्या तोंडांतून गेलों होतों!

बसावयाचें तें लाट फुटते त्या रेषेच्या किंचित् बाहेर. फार आंत बसलें तर ती अंगावर कोसळते, फार बाहेर बसलें तर खालून निघून जाते. पण पाण्यांत ती रेषा ओळखावी कशी? शिक्षकानें तोड सांगितली. १९२७ सालीं उघडलेल्या रॉयल हवाईयन हॉटेलच्या गुलाबी इमारतीचा एक कोपरा व अलीकडचें एक माडाचें झाड एका ओळींत धरावयाचें. दुसरी खूण डायमंड हेड डोंगराच्या बाजूस. दोन्ही ओळी जुळल्या कीं जागा सांपडली. आपल्या कोंकणांतील कोळी देवळाचा कळस आणि डोंगराचा सुळका जुळवून मासळीची जागा हेरतात, तीच ही विद्या. तेथील वारा बहुधा किनाऱ्यावरून समुद्राकडे वाहतो व बसल्या जागीं माणसास बाहेर लोटतो, म्हणून खुणा घडोघडीं पाहाव्या लागतात.

फळीवर निजण्याचीही जागा ठरलेली. अंगुळभर पुढें सरकलें कीं फळीचें नाक पाण्यांत घुसतें. मागें सरलें कीं फळी जड होऊन रेंगाळते.

त्या दुपारीं ओळी जुळवून बसलों. पहिली लाट सोडली, दुसरी सोडली. तिसरी दिसतांच फळी वळवून हात मारूं लागलों, आणि मागून कोणीं रेटल्यासारखें वाटलें. रेटणारें कोणीच नव्हतें! उठलों, डगमगलों, आणि मोजून पांच-सहा श्वास उभे राहिलों. किनाऱ्यावर नात “आजोबा!” म्हणून ओरडत होती.

शेवटच्या दिवशीं सायंकाळीं त्याच जागीं एक सुरेख लाट चालून आली. हात मारावयास लागलों तोंच डावीकडे, लाटेच्या फुटत्या टोंकाशीं, तीच मुलगी बापासह फळीवर सज्ज दिसली. जो फुटत्या टोंकास जवळ, त्याची लाट, असा तेथील दंडक. आम्हीं हात आवरले. ती लाट घेऊन गेली. बापानें जातां जातां आमच्याकडे पाहून हात उंचावला. पुन्हां खुणा पाहिल्या, तों वाऱ्यानें आम्हांस चांगलें वीस हात बाहेर नेलें होतें.