सुतळी सुटते तेव्हा

पूर्ण्याच्या एका गोदामात मी दिवसा गाड्या भरून घ्यायचो आणि रात्री संगणकशास्त्राचा अभ्यास करायचो. भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात, पण काल्हेर, राहनाळ, मानकोली, पूर्णा या पट्ट्यात नजर पोचेल तिथवर गोदामांचे पत्रे दिसतात. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर ठेवलेला हा माल. जुलै २०१७मध्ये जीएसटी आला, जकात गेली, गोदामं राहिली.

त्या सत्रात ‘फ्रॅक्शनल नॅपसॅक’ शिकवायला घेतलं. पुस्तकात एक चोर पिशवी घेऊन दुकानात शिरतो आणि पिशवी पेलेल तेवढ्या वजनात जास्तीत जास्त किमतीचा माल भरू पाहतो. मला हा चोर कधीच पटला नाही. सोन्याची भुकटी तराजूत तोलत बसणारा चोर पहिल्यांदाच पाहिला! आमच्या दारात उभा असलेला ‘छोटा हत्ती’ टेम्पो जास्त खरा होता. पासिंग साडेसातशे किलो, माल त्याहून कितीतरी जास्त.

समजायला सोपे आकडे घेऊ. जिरं ९० किलो, किलोमागे नफा ३० रुपये. शेंगदाणे ३०० किलो, नफा १२. तूरडाळ ५०० किलो, नफा ८. साखर ६०० किलो, नफा २. एकूण नफा बघितला तर डाळ सगळ्यांत वर, पूर्ण ४,०००. म्हणून आधी सगळी डाळ आणि उरलेल्या अडीचशे किलोत शेंगदाणे भरले, तर हाती येतात ७,०००.

आमचे मुकादम असं भरत नसत. “मास्तर, किलोला काय सुटतं ते सांगा. ढिगाकडं बघू नका.” मग सगळं जिरं, सगळे शेंगदाणे, आणि उरलेल्या ३६० किलोत डाळ: पन्नासची सात पोती सलग, आठव्याची सुतळी सोडून दहा किलो. नफा ९,१८०. यालाच ‘ग्रीडी’ म्हणतात. जॉर्ज डँट्झिग यांनी १९५७ साली हे मांडलं. ते बरोबर का, हेही गोदामातच दिसतं. गाडीत साखर आहे आणि खाली जिरं उरलंय, तर एक किलो साखर उतरवून एक किलो जिरं चढवा. २८ रुपये वाढले. अशी अदलाबदल जोवर शक्य आहे, तोवर भरणी चांगली झालेली नाही. दरानं लावलेल्या भरणीत ती शक्यच उरत नाही.

पण सुतळी सुटायला हवी. यंत्रांची बंद खोकी आली की हेच डोकं फसवतं. एक खोकं ४०० किलो, नफा ४,४००. दोन खोकी ३७५ किलोंची, नफा प्रत्येकी ३,७५०. किलोचा दर पाहून पहिलं चढवलं की दुसरं मावत नाही, आणि ४,४०० वर गाडी सुटते. ती दोन चढवली असती तर ७,५०० मिळाले असते. खोकी तोडता येत नाहीत तेव्हा हा प्रश्न किती अवघड होतो, ते १९७२मध्ये रिचर्ड कार्प यांनी दाखवलं. त्यांच्या २१ अवघड प्रश्नांच्या यादीत नॅपसॅक आहेच.

आणि कुरमुरे. ते वजनाच्या आधीच जागा संपवतात, मग वजन आणि जागा अशी दोन बंधनं एकदम येतात आणि किलोचा एकच दर पुरत नाही. मुकादमांचा त्यावरचा तोडगा असा, की कुरमुऱ्यांची पोती शेवटी, ताडपत्रीवर दोरीनं बांधून.