नरकातला वारा

आजोळी, वाईच्या घरात, माजघराच्या भिंतीवर ‘करणी तशी भरणी’ची तसबीर होती. मधोमध यमराज, शेजारी वही उघडून बसलेला चित्रगुप्त आणि भोवतीच्या चौकटींत शिक्षा: कुणाला कढईत उकळताहेत, कुणाला करवतीनं चिरताहेत, कुणाची जीभ सांडशीनं ओढताहेत. आम्ही खोटं बोललो की आजी रागवायची नाही, नुसतं तिकडे बोट दाखवायची. मला यमदूतांपेक्षा त्या वहीची भीती वाटे.

आजोबा गेले तेव्हा घरात गरुडपुराण लावलं. त्यांनी प्राण सोडला त्या जागी दिवा, त्याच्याजवळ पसरलेलं पीठ, पिठावर टोपली. गुरुजी वाचत होते: यमपुरीची वाट ८६,००० योजनांची, वाटेत १६ नगरं, रक्तानं आणि पुवानं भरलेली वैतरणी १०० योजनं रुंद. रोजच्या पिंडातून जिवाचा एकेक अवयव घडतो, पहिल्या दिवशी मस्तक; आणि दहाव्या दिवशी त्याला तहानभूक लागते. तसबिरीनं घाबरवलेल्या मला हे ऐकून भलतंच काही वाटलं. गेलेल्या माणसाला परक्या वाटेवर भूक लागेल, या काळजीनं कुणीतरी घाटावर भात घेऊन बसलं होतं. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना. मामा हात जोडून मोठ्यानं म्हणाले, “नाना, धाकटीचं लग्न मी करीन. काळजी करू नका.” एरवी वडिलांसमोर तोंडातून शब्द न काढणारा माझा मामा चारचौघांत त्यांच्याशी बोलत होता. थोड्या वेळानं कावळा शिवला.

पुढे भागवताचा पाचवा स्कंध वाचायला घेतला. त्यात २८ नरक सांगितले आहेत. मला धाक नको होता, कारण हवं होतं: कुणाला, कशासाठी? कुंभीपाकात उकळला जातो तो जिवंत पशुपक्षी शिजवणारा. निरपराध माणसाला दंड करणारा राजा किंवा त्याचा अधिकारी सूकरमुखात पडतो आणि तिथे उसासारखा चिरडला जातो. दुसऱ्याला न देता एकटाच खाणारा कृमिभोजनात. दारी आलेल्या अतिथीकडे रागानं पाहणाऱ्याचे डोळे गिधाडं उपटतात. यादीत जातीपातीचे आणि कर्मकांडाचे अपराधही आहेत, ते मला मान्य होणं शक्य नाही. पण बाकीच्या कितीतरी ओळींमागे दुबळ्यांच्या बाजूनं संतापलेला माणूस मला दिसतो. राजाला इथं जाब विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यानं जाब विचारायची जागा मृत्यूपलीकडे बांधली. शिवाय आपला नरक कायमचा नाही. भोग सरला की सुटका आहे. हेही त्या संतापातलं शहाणपणच.

मात्र माजघरांत, ओसऱ्यांवर नरक राजाच्या वाट्याला येत नाही. तो येतो माझ्या मामीसारख्या बाईच्या वाट्याला.

माझ्या मामेभावानं स्वतःचं आयुष्य संपवलं. सांत्वनाला आलेल्या एका बाईंनी मामीसमोरच सांगितलं, की अशा जिवाला गती नसते. पराशरस्मृतीत खरोखरच लिहिलंय, की आत्मघात करणाऱ्याला ६०,००० वर्षं नरक. मामांनी त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायणबळी केला. तरी मामीचा घास घशाखाली उतरेना. एका रात्री मला म्हणाली, “तू एवढं वाचतेस. माझं पोर कुठं असेल गं?” ज्यानं कुणाला कधी दुखवलं नाही, जो स्वतःच्याच दुःखाखाली दबून गेला, त्याला आणखी साठ हजार वर्षं? असं ज्यानं लिहिलं तो कुठल्याही आईसमोर बसलेला नव्हता, हे मी आजही ठामपणे म्हणेन.

मी तिला मार्कंडेयपुराणातला विपश्चित राजा सांगितला. विदर्भकन्या पीवरी ही त्याची राणी. तिच्या बाबतीत घडलेल्या लहानशा अपराधामुळे तो थोडा वेळ नरकात येतो. ते भोगून झाल्यावर यमदूत म्हणतो, चला. राजा निघतो तसे चहूकडून आक्रोश उठतात: क्षणभर थांबा, तुमच्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्यानं आमचा दाह शमतोय. असं का, हे राजा दूताला विचारतो. उत्तर मिळतं, की पितर, देव, अतिथी आणि सेवक यांना देऊन उरलेल्या अन्नावर हा देह पोसला आहे. मग राजा जायचंच नाकारतो. माझ्या असण्यानं यांना बरं वाटत असेल, तर मी इथेच उभा राहीन. प्रत्यक्ष धर्म आणि इंद्र न्यायला येतात तरी हलत नाही. अखेर आपलं पुण्य तो त्यांना देऊन टाकतो, आणि ते सगळे सुटतात. महाभारताच्या स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिरही भावांचे, द्रौपदीचे आवाज ऐकून नरकातच थांबतो. तिथेही त्याच्या अंगावरून आलेल्या वाऱ्यानं त्यांना निवतं. दोन ग्रंथांना नरकाच्या मधोमध हा वारा सोडावासा वाटला.

मामी ऐकत होती. मग म्हणाली, “सगळे सुटले? त्यांचे अपराध कुणी विचारले नाहीत?”

“नाही विचारले.”

“मग हे का नाही वाचत दहा दिवसांत?”

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी तिनं गुरुजींना बोलावलं, आणि तो अध्याय मराठीतून, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचायला लावला. सांत्वनाला आलेल्या त्या बाईंनाही तिनं निरोप पाठवला होता. त्या आल्या होत्या.