असरनंतरचा गुलबास

असरची नमाज आटोपून आमच्या अम्मी खळ्यात येत आणि गडग्याजवळच्या गुलबासाकडे बघत. कळ्या सुटू लागल्या असल्या की आत हाक मारत, "चाय ठेवा." आमच्या घरात संध्याकाळचा चहा घड्याळावर कधी झाला नाही, गुलबासावर झाला. मगरिबच्या अजानपर्यंत सगळा ताटवा गडद गुलाबी होई. सकाळी आम्ही शाळेला निघताना तीच फुलं मिटून माना टाकलेली दिसत. आभाळ भरलेलं असलं की मात्र ती लवकर उमलत आणि सकाळी उशिरापर्यंत उघडी राहत. ऊन आणि उष्मा कमी झाला की उमलायचं, एवढंच त्या फुलाला ठाऊक.

कुणी त्याला गुलबक्षी म्हणतात. उर्दूत तो गुल-ए-अब्बास, आणि त्यावरूनच मराठीत गुलबास झाला. मल्याळममध्ये त्याच्या नावाचा अर्थ 'चार वाजताचं फूल', बंगालीत तो संध्यामालती. फूल मूळचं इथलं नव्हे, अमेरिका खंडातलं. १७५३ साली स्वीडनच्या लिनीयसने त्याला 'मिराबिलिस जलापा' हे शास्त्रीय नाव दिलं. मिराबिलिस म्हणजे अद्भुत, आणि जलापा हे मेक्सिकोतल्या गावाचं नाव. एवढ्या लांबून आलेलं झाड आमच्या जांभ्या मातीत असं रुजलं की आता ते परकं आहे असं सांगितलं तरी कुणाला पटत नाही.

हे सगळं आम्ही नंतर वाचलं. आधी आम्ही ते झाड उपटलं होतं.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबर होता, पाऊस नुकताच सरला होता. आमचा धाकटा तेव्हा चार वर्षांचा. गुलबासाच्या प्रत्येक फुलामागे एकच बी धरते. पिकली की काळी, खरखरीत, थेट मिऱ्यासारखी दिसते. अम्मींना स्वयंपाकात मिरे टाकताना पाहून त्याने त्या बिया मिरे समजून चावल्या. रात्री उलट्या सुरू झाल्या, पोटात कळा येऊ लागल्या. मालवणात डॉक्टरांकडे धाव घेतली, रात्र तिथेच काढली. अल्लाहच्या कृपेने पोर बरं झालं. गुलबासाच्या बिया आणि मुळं विषारी असतात हे आम्हाला त्या रात्री कळलं.

सकाळी घरी आलो ते कुदळ घेऊनच खळ्यात उतरलो. फुलांनी भरलेली झाडं एकेक करून उपटली आणि माडाच्या मुळाशी फेकली. अम्मी दारात उभ्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "झाडाचो काय गुन्हो? पोराक शिकवूक व्हया." आम्ही उत्तर दिलं नाही. रात्रभर जागलेलो होतो, रागात होतो, आणि तो राग त्यांच्यावरही होता, की घरात लहान मूल असताना हे झाड ठेवलंच कशाला. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. चहा घड्याळावर होऊ लागला. पुढच्या फेब्रुवारीत अम्मी गेल्या.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि आठ-दहा दिवसांत गडग्याजवळ दोन प्रकारचे कोंब दिसले. काही जाड, लालसर, जमिनीतून जोराने वर आलेले. काही नाजूक, दोन रुंद पानांचे, एक पान थोडं मोठं आणि एक थोडं लहान. आम्हाला वाटलं रान माजलं. एक जाड कोंब बाजूने उकरला तर खाली मुळ्याएवढा काळा कंद निघाला. तेव्हा ओळख पटली. आम्ही वरची झाडं ओढली होती, कंद तुटून खालीच राहिले होते. आणि ती नाजूक रोपं म्हणजे आमच्या कुदळीच्या आधीच गळून मातीत गेलेल्या बिया.

पुढचे दोन दिवस आमच्यात यावरच बोलणं चाललं. धाकटा आता पाच वर्षांचा झाला होता. ती रात्र विसरलेली नव्हती. एकाचं म्हणणं, या वेळी कंदासकट खणून काढू. दुसऱ्याने विचारलं, मग रस्त्यावरच्या कण्हेरीचं काय करणार? गावातलं प्रत्येक विषारी झाड आपण खणणार का? शेवटी अम्मींचंच वाक्य उरलं. रोज शाळेत दुसऱ्यांच्या मुलांना शिकवणाऱ्यांना ते त्यांच्या हयातीत ऐकू आलं नव्हतं. आम्ही झाड ठेवलं आणि पोराला हाताला धरून त्याच्यापाशी नेलं. बी फोडून आतलं पांढरं पीठ दाखवलं. जपानी भाषेत या फुलाला तोंडाला लावायच्या पांढऱ्या पावडरीचं फूल म्हणतात, तेही सांगितलं. मग विचारलं, "मिऱ्यात असं पीठ असतं का?" त्याने डब्यातला मिरा आणून स्वतः फोडून पाहिला. तेव्हापासून तो दोन्ही ओळखतो.

ऑगस्टमध्ये फुलं आली. कंदातून आलेली झाडं अम्मींच्याच गडद गुलाबी रंगाची, कारण ती तीच झाडं होती. बियांतून आलेल्यांत मात्र एक पिवळं निघालं, एकावर दोन रंगांचे शिंतोडे. गडग्यापलीकडे शेजाऱ्यांचा गुलबास पिवळा आहे. रात्री लांब सोंडेचे मोठे पतंग येतात, नळीसारख्या फुलाच्या तळाचा मध पितात आणि इकडचे पराग तिकडे नेतात. कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने आनुवंशिकतेचा अभ्यास याच झाडावर केला. लाल आणि पांढऱ्याच्या संकरातून त्याला गुलाबी फुलं मिळाली. १९०९ साली त्याने दाखवलं की चट्टेरी पानांच्या गुलबासात रोपाच्या पानांचा रंग फक्त आईकडून येतो, बापाचं झाड कसंही असो. हे वाचलं त्या संध्याकाळी आम्ही बराच वेळ खळ्यात बसून होतो.

ज्यांना हा गुलबास लावायचा असेल त्यांनी बी रात्रभर पाण्यात भिजवून पावसाच्या तोंडावर बोटाच्या एका पेराएवढी खोल पेरावी. एक-दोन आठवड्यांत रोप येतं. दोन रोपांत हातभर अंतर ठेवावं, पाणी तुंबू देऊ नये. एकदा लावलं की पुढच्या वर्षी तुम्हाला पेरावं लागत नाही. काम एवढंच उरतं की निंदणी करताना ते ओळखावं. समोरासमोर पानं, टोकाला निमुळती, आणि खोडाचे सांधे फुगीर, ही खूण. लहान मूल घरात असेल तर पिकलेल्या बिया रोज वेचाव्यात, किंवा एक-दोन वर्षं थांबावं. त्यात काही कमीपणा नाही.

आपोआप उगवणारा दुसरा निशाचर म्हणजे धोतरा. उकिरड्याजवळ दिसतो, पांढरं मोठं कर्ण्यासारखं फूल, काटेरी फळ. तो सर्वांगाने विषारी, गुलबासाहून कितीतरी अधिक. तो आम्ही ठेवत नाही. प्राजक्ताखालीही त्याची रोपं येतात. पान हाताला खरखरीत लागलं की ओळखावं. रातराणी फांदीने, निशिगंध कंदाने आणि ब्रह्मकमळ पानाने लावतात. त्यांची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

लावलेल्या झाडातून माणूस, पाखरू, जनावर जे खाईल ते लावणाऱ्याच्या नावे सदका ठरतं, ही हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पतंगाने प्यायलेला मध त्यात धरला जातो की नाही, हे ठरवणारे आम्ही कोण? पण अम्मींसाठी दुआ करताना ते पतंग आठवतात.

धाकटा आता दहा वर्षांचा आहे. मगरिबआधी बिया वेचण्याचं काम त्याचं. कुणी मागितल्या तर आम्ही पुडी बांधून देतो. पुडीवर तो एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला उर्दूत लिहितो: हे मिरे नव्हेत.