मिठातली गोगलगाय

मागच्या दिवाळीत नात पुण्याहून आली, ती मोबाइलमध्ये एक फोटो घेऊनच. "आबा, ओळखा बघू काय आहे?" मी चष्मा पुसून पाहिलं. पांढरट काचेसारखं अंग, पाठीवर नारिंगी टोकांच्या बारीक बोटांची दाटी, पुढे दोन शिंगं. मला वाटलं एखादं फूल असावं.

"गोगलगाय आहे ही. समुद्रातली. मालवणला पाण्याखाली फोटो काढलाय. खरी तर तांदळाच्या दाण्याएवढीच आहे!"

आमच्या वडीगोद्रीत गोगलगायीचं कौतुक कुणाला असणार? 2022 च्या पावसाळ्यात लातूर, धाराशिव, बीडकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, तेव्हा लोक रात्री बॅटरी घेऊन त्या वेचत आणि मिठाच्या पाण्यात टाकून मारत. आणि ही बया मिठातच संसार थाटून बसलेली! मी हसलो आणि नात जी सुरू झाली ती थांबेचना. मी बी.ए. मराठीवाला, आयुष्यभर व्याकरण शिकवलेला माणूस, पण विद्यार्थी होऊन ऐकत राहिलो.

या प्राण्यांना न्यूडिब्रँक म्हणतात, म्हणजे उघड्या कल्ल्यांचे. तीन हजारांवर जाती आहेत. पिल्लू असताना पाठीवर शंख असतो, मोठं होताना तो गळून पडतो. मग संरक्षण कसं व्हायचं? तर काही जाती अशा आहेत की दंश करणारे हायड्रॉइड नावाचे जीव खातात, त्यांच्या डंखाच्या पेशी पचवत नाहीत, आपल्याच पाठीवरच्या बोटांच्या टोकांत साठवून ठेवतात. शत्रूचं शस्त्र आपल्या म्यानात! डोळे म्हणाल तर उजेड-अंधार कळण्यापुरतेच, खरा शोध घेतात ती शिंगं, वासावरून. आयुष्य बहुतेकींचं जेमतेम वर्षभराचं. आणि गंमत म्हणजे 2020 साली आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या एका नव्या जातीचं नाव संशोधकांनी ठेवलं 'क्रॅटेना पवारशिंदेओरम'. लॅटिन नावात आपले पवार आणि शिंदे!

हे सगळं मी ऐकत होतो खरा, पण माझ्या मनात एकच शब्द अडकून बसला होता... पाण्याखाली.

त्याचं कारण घरात सगळ्यांना अर्धवटच ठाऊक होतं. जायकवाडीचा डावा कालवा आमच्या भागातून जातो. या कालव्यानं आम्हाला ऊस दिला, हिरवं शिवार दिलं. 1972 चा दुष्काळ पाहिलेल्या माझ्यासारख्याला त्याचं मोल सांगायला नको. पण उन्हाळ्यात पाणी सुटलं की पोरं त्यात उड्या घ्यायची. 1986 च्या एप्रिलातली गोष्ट. सकाळची शाळा होती, सातवीचा वर्ग. मी मान खाली घालून हजेरी घेत होतो. सतरा नंबर पुकारला, मागच्या बाकावरून "हजर सर" आलं, मी खूण केली. तो आवाज त्याच्या मित्राचा होता. सतरा नंबर तेव्हा कालव्यावर होता. दुपारी त्याला बाहेर काढलं.

मला कुणीच बोल लावला नाही. हजेरीपटावर तर तो हजरच होता ना! पण मान वर करून पाहिलं असतं तर... हा 'तर' जवळपास चाळीस वर्षं माझ्याबरोबर आहे. त्यानंतर माझ्या घरात पाण्याचं नाव काढायची सोय राहिली नाही. माझ्या मुलाला आजही पोहता येत नाही. नातीनं पुण्यात तलावात पोहणं शिकून पुढे तारकर्लीला स्कूबाचं प्रशिक्षण घेतलं, ते दोन वर्षं सगळ्यांनी माझ्यापासून लपवून ठेवलं होतं.

जानेवारीत ती मला मालवणला घेऊन गेली. "तुम्ही होडीत बसा फक्त." सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला होडी थांबली. ती आणि तिची मैत्रीण पाठमोऱ्या पाण्यात पडल्या आणि दिसेनाशा झाल्या. मी घड्याळ हातात धरून बसलो. होडीवाल्याला माझी अवस्था कळली असावी. म्हणाला, "बुडबुडे दिसतत मा गुरुजी? मगे कित्याक घाबरतास?" मग मी बुडबुडेच पाहत राहिलो. एक नवल वाटलं. बुडबुडे जागचे हलतच नव्हते! बेचाळीस मिनिटांत त्या दोघी आमच्या घरापासून एस.टी. स्टँडइतक्याही लांब गेल्या नसतील.

वर आल्यावर विचारलं तेव्हा कळलं, गोगलगाय शोधायची रीतच तशी आहे. भराभर पोहणाऱ्याला ती दिसत नाही. एकच खडक धरायचा. आधी तिचं खाणं शोधायचं, म्हणजे स्पंज किंवा हायड्रॉइड. नाहीतर चकलीसारखी गुंडाळलेली तिच्या अंड्यांची फीत शोधायची. ती दिसली की बाई जवळपास असायचीच. पाण्यात तांबडा रंग सर्वांत आधी विरतो, म्हणून खोलवर सगळं निळंकरडं दिसतं. बॅटरीचा झोत टाकला की मग खरा रंग उजळतो. कशाला हात लावायचा नाही, तळाची वाळू उडवायची नाही, श्वास रोखायचा नाही, संथ चालू ठेवायचा. इतकं करून त्या दिवशीच्या साठ फोटोंतले तीनच स्पष्ट आले होते.

"आणि मैत्रीण कशाला लागते?" मी विचारलं.

"एकटीनं उतरायचं नाही आबा. दर थोड्या वेळानं मान वर करून एकमेकींकडे बघायचं, हातानं विचारायचं, ठीक ना? तिनं हातानंच सांगायचं, ठीक. फोटो कितीही चांगला मिळत असला तरी."

मी गप्प झालो. पाण्याखाली कुणाच्या वतीनं कुणाला 'हजर' म्हणता येत नाही. समोरच्याला डोळ्यांनी पाहावंच लागतं. त्या संध्याकाळी किनाऱ्यावर बसून मी नातीला सतरा नंबरची गोष्ट पहिल्यांदा पूर्ण सांगितली. ती काही बोलली नाही. माझा हात धरून बसली, आणि थोड्या वेळानं अंगठा आणि तर्जनी जुळवून ती खूण केली. मीही केली.

असो. माझ्यासारख्या न उतरणाऱ्यांचीही सोय आहे म्हणे. मुंबईत 2017 पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर नेतात आणि खडकांतल्या डबक्यांत या गोगलगायी दाखवतात. जमलं तर जाईन, गुडघे काय म्हणतात ते पाहून.

धाकटा नातू आठ वर्षांचा आहे. या उन्हाळ्यात त्याला पोहायला घालायचं ठरलंय. घरात सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. हो मीच म्हटलं. फक्त एक अट घातली, तो पाण्यात असेपर्यंत काठावर मी बसणार. मोबाइल न घेता.