कशुं नथी

सुरतजवळ, कामरेज चार रस्त्याच्या सोनोग्राफी सेंटरमधून बाहेर पडलो तेव्हा दादाचा जीव भांड्यात पडला होता. ‘कशुं नथी,’ डॉक्टर गुजरातीत म्हणाले होते. काही नाही. भाची मात्र रिक्षात बसताच रडायला लागली. ‘आत्या, म्हणजे मी खोटं बोलते का?’

तीन महिने झाले, ऐन शाळेच्या वेळेला तिचं पोट दुखायचं. बेंबीभोवती दोन्ही हात दाबून ती पलंगाच्या कडेला वाकून बसायची. कपाळावर घाम. तो घाम मला दिसत होता, तरी ‘शाळा बुडवायचीय का?’ हे माझ्याच तोंडून गेलं. आजही ते टोचतं.

तिच्यावर विश्वास ठेवला तो फक्त आजीने. अमळनेरहून आलेली आमची आई अहिराणीत विचारायची, ‘पोट दुखस का, माय?’ आणि मीठ-मोहरी-मिरच्यांनी नजर काढायची. नजर लागते हे मला पटत नाही. पण त्या विचारण्यात दुखणं खरं धरलेलं होतं. आम्ही शिकलेल्यांनी तेवढंही केलं नाही.

हे दुखणं तिचं एकटीचं नव्हतं. ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅपली यांनी 1958 मध्ये हजार शाळकरी मुलांचा अभ्यास मांडला. साधारण दहांतल्या एकाला असं वारंवार पोट दुखत होतं, आणि अशा मुलांत शारीरिक बिघाड फार थोड्यांना सापडला. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं जाळं असतं. त्याचं आणि मेंदूचं सतत देणंघेणं चालू असतं. हे जाळं हळवं झालं की साधा वायूसुद्धा कळ होऊन जाणवतो. वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, कळेने झोप मोडत असेल तर तपास पुढे न्यायलाच हवा. भाचीच्या बाबतीत तसं काही नव्हतं.

पुढच्या डॉक्टरांनी आतड्याचं आणि मेंदूचं हे नातं समजावलं तेव्हा दादा एकदम ताठ झाला. ‘म्हणजे आमच्या घरात काही चुकतंय?’ वहिनी खाली बघत राहिली. आईबापांची खरी भीती हीच असते, आणि तिला कुणी हातच लावत नाही. ‘चूक कुणाचीच नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘शाळा सोडवू नका. सुरुवातीला दोन तास बसू दे.’

दादा लसकाण्यात लूमवर काम करतो. रात्री जेवताना तोच बोलला, ‘मशीनचा एकही पार्ट तुटलेला नसतो. पण ताण्याचा ताण बिघडला की धागा तुटतच राहतो. मालकाने मशीन ठीक आहे म्हटलं म्हणून काय झालं, कापड खराब व्हायचं थांबतं का?’ भाची ताटातून मान वर करून त्याच्याकडे बघत होती.

सकाळी ती पुन्हा पलंगाच्या कडेला वाकून बसली. दादा शेजारी टेकला.

‘आज किती?’

‘कालच्याएवढंच.’

‘बरं,’ म्हणाला, आणि तिला पोटावरचे हात काढता येत नव्हते म्हणून खाली बसून तिच्या बुटांच्या नाड्या बांधायला लागला.