तळ्याच्या पुढची वाट

यंदा पौषात डिचोलीला गेले. माहेरचे घर विकून झाले, तेव्हा माहेर म्हणून जायचे ते मयेच्या तळ्यावर. लेकीला म्हटले, “बस नको. आम्ही जायचो तसं चालतच जाऊ.”

लहानपणी आमची सहल वर्षातून एकदा, तीही थंडीत. चातुर्मासात गवत तुडवायचे नाही, हा आईचा नियम. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गाळलेल्या पाण्याचा फिरकीचा तांब्या. रस्त्यात खनिजाचे ट्रक धडधडत जायचे आणि आईच्या पांढऱ्या लुगड्याचे काठ लाल व्हायचे.

डोंगरांच्या कुशीतले ते तळे दिसले की आम्ही भावंडे तिथेच रमायचो. पण आईची सहल तिथे संपत नसे. ती आम्हाला पुढे नार्व्याला न्यायची. तिथल्या सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ दिवाडी बेटावरचे. पोर्तुगीजांनी ते पाडले आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी नार्व्याला नव्याने बांधायला लावले. लोक तिकडे जात, आई मात्र जवळच्या जैनकोटाकडे वळे. कधीकाळची आपली बस्ती ती. आता नुसत्या पडक्या भिंती. कुडण्याला आणि बांदिवड्यालाही आपले असेच अवशेष आहेत. बेळगावकडून आलेल्या आईला डिचोलीत घराजवळ बस्ती नव्हती. ती त्या भिंतींसमोरच हात जोडून उभी राहायची.

मी बारा वर्षांची असताना वर्गातली एक मुलगी तिथे भेटली. तिने विचारले, “तुझी आई काय करते गो थंय?” मला लाज वाटली. मी म्हटले, “काही नाही, पडकं घर बघतेय.”

आईने ते ऐकले. रागावली नाही. पुढच्या वर्षी तळ्यावर पोचल्यावर म्हणाली, “आज इथंच थांबू. तुमचे पाय दुखतात.” त्यानंतर ती आम्हाला नार्व्याला कधीच घेऊन गेली नाही. आमचे पाय दुखत नव्हते, हे मला तेव्हाही ठाऊक होते.

मैत्रिणींनो, घरातल्या बाईचा देव कुठे आहे हे आपण तिला कधी विचारतो का? मीही विचारले नाही, आणि आता आई नाही.

या वेळी तळ्यावर घटकाभर टेकलो आणि पुढे निघालो. माझे गुडघे कुरकुरत होते. जैनकोटापाशी पोचलो तेव्हा लेक म्हणाली, “मम्मी, इथे मूर्ती तर नाहीये.”

“नाहीये,” मी म्हटले. “तुझी आजी इथे यायची. मी तिचं येणं बंद केलं.”

सगळे तिला सांगितले. ती काही बोलली नाही. वाकून बूट काढले आणि बाजूला ठेवले. मी णमोकार म्हटला, मोठ्याने. जवळून जाणाऱ्या दोन बायका थांबून बघू लागल्या. बघू देत.

ऊन कलले होते. सूर्यास्ताआधी जेवायचे म्हणून तिथेच, भिंतीच्या सावलीत आम्ही डबा उघडला.